जुडीत एक नोंद कमी

विश्वजीत सुतारला त्याच्याच कारखान्यात, भर दुपारी, ट्रकच्या अर्धवट सांगाड्याशेजारी तोडलं. नुसतं ‘मारलं’ म्हणणं म्हणजे मारणाऱ्यांची भीड राखणं झालं. चौघे होते. पहिला कोयता खांद्यात बसला तेव्हा तो वेल्डिंगचा मुखवटा चढवूनच वळला. आपल्याला कोण तोडतंय हे त्याला नीट दिसलंही नसेल. पुढचा घाव मानेवर आला, तो पडला, तरी ते थांबले नाहीत. कोल्हापूरच्या अलीकडं हमरस्त्याला लागून असलेली ती जागा जयसिंगअण्णाला विजेवरच्या ट्रकांच्या चार्जिंगतळासाठी हवी होती आणि विश्वजीत ती देत नव्हता. एवढंच कारण.

दोघांनी हे पाहिलं. एक त्याची आई शोभा, जेवणाचा डबा घेऊन आलेली. तिनं तो डबा एकाच्या तोंडावर हाणला, आणि त्यानं तिला लाथ घालून पत्र्यांच्या थप्पीवर पाडलं. दुसरे इलाहीचाचा, ट्रकांच्या पाठीवर मोर आणि कमळं काढण्यात ज्यांचा जन्म गेला ते रंगारी. ते मध्ये पडले, तर त्यांचं डोकं फुटलं. विश्वजीतचा धाकटा भाऊ सोहम प्लायवूड आणायला गावात गेला होता, असं सगळ्यांनी सांगितलं.

विश्वजीतची बायको ईश्वरी सात महिन्यांची पोटुशी होती. घर कारखान्याच्या पाठीलाच, मध्ये फक्त एक दार. पण तिला कुणी काही विचारलं नाही. त्यांच्यात पोटुशी बाईला मढं दाखवत नाहीत, आणि हा रिवाज इतका पक्का की नवऱ्याचं तोंडसुद्धा तिला शेवटचं बघू दिलं नाही. शेजारणी तिला आतल्या खोलीत घेऊन बसल्या. ‘सूनबाई आतच होती, दाराशी येऊच दिली नाही तिला,’ असं आईनं सांगितलं, आणि फौजदारानं मान डोलावली. त्याच्याही घरी तसंच करत असणार. चौघे खुनी दुसऱ्या दिवशी पकडले गेले, आणि सगळ्यांना वाटलं की आता साक्षी झाल्या की संपलं.

*

विश्वजीतची बहीण राजनंदिनी, म्हणजे तिन्ही भावंडांतली मधली, कोल्हापूरच्या स्मृतिनोंद केंद्रात कामाला होती. साक्षीदाराच्या डोक्यातून आठवण काढून न्यायालयापुढं ठेवायची, हे त्या केंद्राचं काम.

ऐकायला जादूटोणा वाटतो, पण गोष्ट साधी आहे. माणूस एखादी घटना आठवतो तेव्हा मेंदू ती कपाटातून काढून दाखवत नाही, नव्यानं रचतो; आणि परत ठेवताना ही नवी रचलेली ठेवतो. म्हणून प्रसंग जितक्यांदा सांगावा तितका तो बदलत जातो, आणि सांगणाऱ्याला ते कळतही नाही. पहिल्यांदा आठवताना मेंदूत जी नक्षी उमटते ती त्यातल्या त्यात निर्मळ. केंद्रातल्या खुर्चीत साक्षीदाराला बसवून, डोक्यावर चुंबकीय टोप चढवून, ती पहिलीच नक्षी पकडायची आणि तिची चित्रं आणि आवाज करायचे. म्हणून तर साक्षीदारांना बजावतात की खुर्चीत बसेपर्यंत बघितलेलं कुणापाशी बोलू नका.

काढलेल्या आठवणी जतन करायची प्रणाली राजनंदिनीची. तिच्या आधी एकेक नोंद वेगळी जायची. आधी घटनेची नोंद, तिचा क्रमांक परत यायचा, तो लावून पहिला साक्षीदार, मग दुसरा, मग कुणाला कोण दिसलं त्याच्या ओळी. दर नोंदीला सर्व्हरकडं एक हेलपाटा. महिन्याचं सामान आणायला प्रत्येक पुडीसाठी बाजारात वेगळी फेरी मारावी, तसला कारभार. मध्येच लाइन गेली की अर्ध्या नोंदी आत आणि अर्ध्या बाहेर. अशाच एका खटल्यात साक्षीदाराची नोंद होती पण घटनेचीच नव्हती, आणि आरोपी हसत घरी गेले. राजनंदिनीनं एका घटनेच्या सगळ्या नोंदी आधी एकत्र बांधल्या, एकमेकींना जोडल्या आणि एकाच फेरीत पाठवल्या. अट एकच: बसतील तर सगळ्या बसतील, एकीत जरी खोट निघाली तरी एकही बसणार नाही. तासाभराचं काम क्षणात होऊ लागलं. केंद्रातली माणसं त्या गठ्ठ्याला जुडी म्हणू लागली, आणि राजनंदिनीचा सत्कार झाला.

आठवणी एकमेकींत गुंतलेल्या असतात. आईच्या आठवणीत चाचा दिसतात, चाचांच्या आठवणीत आई. म्हणून एकाच्या आठवणीत घटनेच्या जागी जो कुणी दिसेल, आणि मयत किंवा आरोपी नसेल, त्याचीही नोंद जुडीत असलीच पाहिजे. शिवाय जुडी बंद करताना सगळ्या साक्षीदारांचे जिवंत तळवे एकाच वेळी काचेवर लागायला हवेत. ती त्यांची संमती. काही कमी पडलं तर आधी पडद्यावर नुसता एक आकडा यायचा, कुणालाच काही कळायचं नाही. राजनंदिनीनं तिथंही सुधारणा केली होती. काय कमी आहे ते आता सरळ मराठीत लिहून यायचं, आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांना त्याच क्षणी दिसायचं.

भावाच्या खटल्याला हात लावायची तिला मनाई होती. आईची आणि चाचांची नोंद गावडे नावाच्या सहकाऱ्यानं घेतली. ती बाहेर बाकावर बसली होती. गावडेनं जतनचं बटण दाबलं आणि तिच्या मोबाइलवर, जिथं प्रणालीचा प्रत्येक निरोप यायचा, तिनंच घडवलेलं वाक्य आलं.

‘जुडी अपूर्ण. एक नोंद कमी: दारात उभी असलेली स्त्री, हिरवी साडी, गरोदर.’

हेच वाक्य या घडीला अण्णाच्या वकिलाच्याही हातात होतं.

*

अण्णाच्या माणसांना जुडी म्हणजे काय हे समजवायला कुणी लागलं नाही. साक्षीदार सगळे फोडायची गरज नव्हती. एक बाद केला की सगळेच बाद.

चाचा केंद्रातून निघून कारखान्यात आपले रंगाचे डबे आणायला गेले, तिथंच त्यांना गाठलं. खंड्या नावाचा अण्णाचा खास माणूस आणि आणखी दोघे. तळवा काचेवर ठेवावा लागतो हे त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी चाचांचा उजवा हात ऐरणीवर धरला आणि खंड्यानं घण घातला. एकदा नाही. चाचा बेशुद्ध पडल्यावर मेले समजून ते निघून गेले.

आईच्या मागाहून राजनंदिनी घरी पोचली तेव्हा रुग्णवाहिका चाचांना घेऊन जात होती. ती तशीच आत शिरली. आई चुलीपाशी बसली होती, सोहम खिडकीत उभा होता, ईश्वरी भिंतीला टेकून.

“आई, वहिनी दारात होती.”

“नव्हती. किती येळा सांगू?”

“अगं, तुझ्याच डोळ्यांनी बघितलंय. तुझ्याच आठवणीतनं निघालंय ते.”

“यंत्राला काय कळतंय? पोटुशी बाई असलं बघत न्हाई.”

“होते मी,” ईश्वरी सासूला म्हणाली. “दारातच होते, आत्या. सगळं बघितलंय.”

आई उठली आणि तिनं ईश्वरीच्या थोबाडीत मारली. साधीसुधी नाही; ईश्वरीचं डोकं भिंतीवर आपटलं आणि ओठातून रक्त आलं. राजनंदिनीनं आईचा हात धरला तर आई तिच्याच अंगावर धावली. आईनं आयुष्यात कधी सुनेला एका शब्दानं दुखावलं नव्हतं. तिला झालंय काय, हे राजनंदिनीला कळेना.

ईश्वरीनं पदरानं ओठ पुसला. “नोंद होईस्तवर कुणाला सांगू नका म्हणतात, म्हणून गप बसले. आता मला न्या तिकडं, ताई.”

“पोटातल्याचा तरी इचार कर गं,” आई रडायला लागली.

“त्याचाच करतेय. जुडी बंद झाली की मला मारून कुणाला काय मिळणार? तोवर मी रोज मरणार.”

हे खरं होतं, आणि राजनंदिनीला यापेक्षा नीट सांगता आलं नसतं. जुडी बंद करायला आईही लागणार होती, चाचाही. चाचांना नेलेला दवाखाना केंद्राच्याच आवारात होता. दाराशी नेमलेला हवालदार चहाला गेला होता. थांबण्यात अर्थ नव्हता.

“मी नेतो,” सोहम म्हणाला.

*

गाडी आपली आपण चालणारी होती, पण सोहमनं चाक हातात घेतलं. राजनंदिनी त्याच्या शेजारी, आई आणि ईश्वरी मागं. हमरस्ता सोडून त्यानं दगडखाणीकडं वळवली तेव्हा राजनंदिनीनं इकडं कुठं म्हणून विचारलं.

“पुढं रस्ता अडवलाय म्हणत्यात,” तो म्हणाला. तिच्याकडं न बघता.

“भाऊजी, गाडी थांबवा,” मागून ईश्वरी म्हणाली. तिचा आवाज थंड होता. “ताई, यांना थांबवा. त्या दिवशी फाटकाची कडी यांनीच काढली. मी बघितलंय.”

सोहमनं गाडी थांबवली. पण तिथंच थांबवायची ठरलेली होती. खाणीच्या कडेला एक जीप उभी होती आणि खंड्या दोघांना घेऊन चालत येत होता. तिघांच्याही हातांत कोयते.

“नुसता दम देणार हाईत,” सोहम पुटपुटला. “दादाला पण दोन तडाखे देऊन सोडतो म्हणाले हुते. म्हणून काढली कडी. मला काय म्हाईत...”

त्यानं दोन्ही हात चाकावर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. खंड्यानं मागचं दार उघडलं, ईश्वरीचे केस धरले आणि बाहेर ओढलं, तरी त्यानं डोळे उघडले नाहीत.

राजनंदिनीच्या सीटखाली जॅकची टॉमी असायची, तो लोखंडी दांडा. ती हातात घेऊन ती उतरली आणि जो पहिला समोर आला त्याच्या गुडघ्यावर तिनं ती दोन्ही हातांनी हाणली. हाड फुटल्याचा आवाज तिला ऐकू आला. तो खाली बसला तसा तिनं दुसरा फटका तोंडावर घातला. तिच्या घशातून कसलातरी आवाज येत होता आणि तो आपलाच आहे हे तिला कळत नव्हतं. खंड्यानं ईश्वरीच्या पोटाच्या रोखानं कोयता उचलला. आई मध्ये घुसली. जिनं मघाशी सुनेला भिंतीवर आपटलं होतं ती आता तिच्यावर आडवी पडली होती. ईश्वरीनं हात वर केला, आणि घाव तिच्या हातावर, कोपराखाली, हाडापर्यंत उतरला. आईनं खंड्याच्या मनगटाला दात लावले ते सोडलेच नाहीत. तिचं तोंड रक्तानं भरलं.

तिसरा माणूस येईपर्यंत राजनंदिनीनं खंड्याच्या पाठीत टॉमी घातली, दोघींना गाडीत कोंबलं, पुढचं दार उघडून सोहमला गचांडी धरून बाहेर फेकलं आणि चाकामागं बसली. तिसरा समोर आडवा आला. तिनं गाडी थांबवली नाही. तो टपावरून मागं पडला.

आरशात तिला सोहम दिसला. खंड्या त्याला ओढून जीपकडं नेत होता.

“त्यानं मला त्याच राती सांगितलं,” आई मागून म्हणाली. ती सुनेच्या हाताला लुगडं गुंडाळत होती. “रडला गं लई. वहिनीनं बघितलं म्हणाला. एक तर गेला, दुसरा कुठनं आणू?”

पोटुशी बाई मढं बघत नाही. सगळ्या गावानं, पोलिसांनी, राजनंदिनीनंसुद्धा हे मुकाट ऐकून घेतलं होतं, आणि त्याच्याआड आईनं आपला जिवंत मुलगा झाकून ठेवला होता. आईची दया यावी की चीड, हे राजनंदिनीला ठरवता आलं नाही. तिला चीड आली.

*

केंद्रात दवाखान्यातल्या डॉक्टरनं ईश्वरीचा हात आवळून बांधला आणि तिला लगेच टाके घालायला न्यायला हवं म्हणून सांगितलं. ईश्वरी ऐकेना. ती खुर्चीत बसली. गावडेनं टोप चढवला. तिनं डोळे मिटले आणि नवऱ्याला पुन्हा एकदा मरताना पाहिलं. ती ओरडली नाही. फक्त बसल्या जागी तिचे पाय लाद्यांवर घासत राहिले, दारातून धावत सुटावं तसे.

इलाहीचाचांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. उजव्या हाताचा नुसता पांढरा गठ्ठा झाला होता. “डावा आहे ना,” ते म्हणाले. “काचेला डावा चालतो.”

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. अण्णाची माणसं होती, आता पाच-सहा. पहिला दगड काचेवर आला तसा गावडे टेबल सोडून मागच्या खोलीत पळाला. राजनंदिनीनं जाळीचं शटर खाली ओढलं, कुलूप घातलं, पोलिसांना फोन केला आणि गावडेच्या जागी बसली. मनाई होती. असू दे.

पडद्यावर ईश्वरीची आठवण वाचून तयार होती. दिसलेल्या माणसांची यादी: आई, चाचा, चौघे आरोपी. आणि फाटकाची कडी काढणारा, सोहम सुतार.

तिचा हात बटणावरच थांबला. सोहम आरोपींत नव्हता. त्याची नोंद नव्हती. बटण दाबलं की प्रणाली काय लिहिणार हे जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

ती वळली. “आई, ऐक. हे पाठवलं की वकिलाला दिसणार, सोहमची नोंद कमी आहे. म्हणजे आता जुडी मोडायची तर त्याला मारलं की झालं. आपण शटरच्या आत आहोत. तो त्यांच्या हाताशी उभा आहे.”

आईनं जाळीतून बाहेर पाहिलं. सोहम जीपला टेकून उभा होता, खांदे पाडून.

“मग नको पाठवू,” आई म्हणाली.

“दुसरं करता येतं. जुडी सोडवून एकेक नोंद वेगळी जतन करायची. मला येतं ते. अर्धा तास लागंल. कुणाचंच नाव बाहेर जाणार नाही.”

“मग तसं कर की!”

“तसं केलं तर एकीला दुसरीचा आधार राहत नाही. वकील एकेक नोंद फोडून काढंल. चौघे कदाचित सुटतील. अण्णा तर नक्कीच सुटंल, कारण त्याचा माणूस कडी काढायला सांगून गेला ते फक्त सोहमच्या डोक्यात आहे. पाठवलं तर सोहमला दोनच वाटा. मरायचं, नाहीतर आत येऊन या खुर्चीत बसायचं.”

बाहेर कुणीतरी शटरवर पहार घालायला सुरुवात केली. लोखंड वाजत होतं. ईश्वरीच्या हाताखाली लादीवर रक्ताचा डाग पसरत होता.

“नंदे,” आईनं हात जोडले. पोटच्या मुलीपुढं. “तेवढं एक करू नको. अर्धा तास थांबू आपण. मी शटर धरून बसते, पण तेवढं नको.”

राजनंदिनीनं ईश्वरीकडं पाहिलं. अर्धा तास मिळाला असता का? मिळाला असताही. शटर मजबूत होतं, पोलिस निघाले होते. पण राजनंदिनीच्या डोळ्यांपुढं मिटलेले डोळे होते, चाकावर ठेवलेले दोन हात, आणि केसांना धरून बाहेर ओढलेली वहिनी. मनात आलं, भोगू दे. एवढंच आलं. तिनं बटण दाबलं.

‘जुडी अपूर्ण. एक नोंद कमी: फाटकाची कडी काढणारा पुरुष, सोहम सुतार.’

जाळीतून सगळं दिसत होतं. खंड्याचा मोबाइल वाजला. त्यानं तो कानाला लावला, ऐकलं, आणि पहार मारणाऱ्याला हातानं थांबवलं. मग तो सोहमकडं वळला. सोहमला अजून काहीच कळलं नव्हतं. त्यानं उलट विचारलं, काय झालं म्हणून. खंड्यानं चावलेल्या हातातून कोयता दुसऱ्या हातात घेतला आणि फिरवला. तो सोहमच्या पाठीत, खांद्यापासून खाली, तिरका बसला. सोहम किंचाळला आणि जाळीवर येऊन आदळला.

“आई! आई, उघड!”

पुढचा घाव जाळीवर बसला, ठिणग्या उडाल्या. राजनंदिनी जागची हलली नाही. किल्ली तिच्यापाशी होती. आईनं ती तिच्या मुठीतून ओरबाडून घेतली, नखांचे ओरखडे उठले. तिनं कुलूप काढलं, शटर गुडघाभर उचललं आणि सोहमला केसांना धरून आत ओढलं. एकाचा हात त्याच्या मागोमाग आत आला. चाचांनी चाकाच्या खुर्चीतून आपला जड बूट उचलला आणि त्या बोटांवर सगळा भार टाकला. शटर खाली आलं. बाहेरच्या माणसाची बोटं त्यात चिरडली आणि तो गुरासारखा ओरडायला लागला.

आता सगळे मिळून शटरवर तुटून पडले.

“बस,” राजनंदिनीनं खुर्चीकडं बोट केलं.

“मला दवाखान्यात न्या. ताई, मरतोय मी.”

“बसलास तर ते थांबतील. नाही बसलास तर आत येऊन सगळ्यांना मारतील, तुला पहिल्यांदा.”

तो बसला. पश्चात्तापानं नाही, भावाच्या आठवणीनं नाही. जीव वाचवायला बसला. जी भीती त्याला फाटकापाशी घेऊन गेली होती, तिनंच त्याला खुर्चीत बसवलं. टोपाखाली तो लहान पोरासारखा रडत होता आणि पडद्यावर अण्णाचा चेहरा येत होता, अण्णाचा आवाज, अण्णाच्या माणसाचा त्याच्या खांद्यावरचा हात. मग कडी. मग फाटक.

शटरची एक पट्टी वाकली. पहारीचं टोक आत आलं.

काचेवर आधी चाचांचा डावा तळवा पडला. मग ईश्वरीचा, बांधलेला नव्हता तो. मग आईचा, तो ठेवताना तिनं राजनंदिनीकडं पाहिलं नाही. शेवटी सोहमचा. ईश्वरीच्या हाताशेजारी जागा होती तिथं त्यानं तो ठेवला आणि ईश्वरीनं आपली बोटं मिटून घेतली नाहीत, एवढंच तिनं केलं.

‘जुडी पूर्ण. सर्व नोंदी जतन झाल्या.’

बाहेर पहार थांबली. मोबाइल वाजत होते. खंड्या वाकलेल्या पट्टीतून आत बघत होता; त्यानं सगळ्यांकडं एकेकदा पाहिलं, आणि आता यातल्या कुणालाही मारून उपयोग नाही हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. तो थुंकला. जीप निघून गेली, चिरडलेल्या बोटांच्या माणसालाही न घेता. तो पायरीवर बसून राहिला आणि मग पोलिसांना तसाच सापडला.

*

ईश्वरीला स्ट्रेचरवर घातलं. बाळाचे ठोके नीट आहेत असं डॉक्टर म्हणाले तेव्हा ती पहिल्यांदा रडली. जाताना तिनं राजनंदिनीचा हात धरला. “बरं केलंत, ताई.”

पोलिसांनी सोहमला पट्ट्या बांधून गाडीपाशी आणलं. त्याला चालवत नव्हतं, आई त्याला धरून होती. तिच्या तोंडावर खंड्याचं रक्त वाळलं होतं, हातावर सोहमचं ओलं होतं. राजनंदिनी त्यांच्यामागं गेली.

आईच बोलली. ओरडली नाही, रडलीही नाही.

“त्यानं कडी काढली तवा त्याला वाटलं हुतं, दोन तडाखे देऊन सोडतील. तुला तर पक्कं ठाऊक हुतं.”

“हो,” राजनंदिनी म्हणाली. “ठाऊक होतं.”

तिनं पुढं होऊन गाडीचं दार उघडून धरलं. पोलिसांनी सोहमला आत बसवलं; आई वळसा घालून पलीकडच्या दारानं चढली आणि सोहमच्या शेजारी बसली.